आमची वाटचाल : काळ्या मातीतली बारा व्होल्टची लाइन

चिमूरला बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतकरी जळालेली मोटर घेऊन आला की ती उघडायच्या आधी बाबा विचारत, "शेत डीपीपासून (लाइनीच्या ट्रान्सफॉर्मरपासून) किती दूर आहे?" लाइनीच्या टोकाच्या शेतात व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. दोष मोटरीत नसून वाटेत असतो, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत होतो. तरी स्वतःच्या कामात ते ओळखायला मला दोन वर्षं लागली.

ताडोबाच्या कोलारा आणि मोहर्ली गेटांकडे रिसॉर्ट वाढू लागले तसं बागेतल्या दिव्यांचं काम निघालं. मी आणि धाकट्या भावाने एका रिसॉर्टचं पहिलं काम घेतलं. पायवाटेच्या कडेला २० वॅटचे सहा हॅलोजन दिवे, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, एकामागून एक जोडत पन्नास मीटर. पहिला दिवा लख्ख, शेवटचा रॉकेलच्या चिमणीसारखा पिवळा. मालकांना वाटलं दिवे हलके आहेत. मी पदरचे पैसे घालून दोनदा दिवे बदलले. तिसऱ्यांदा मीटर लावला. ट्रान्सफॉर्मरपाशी ११.८ व्होल्ट, शेवटच्या दिव्यावर आठच्या आसपास. सहा दिव्यांचा मिळून करंट दहा अँपिअर, आणि वायर जाऊन-येऊन शंभर मीटर, म्हणजे वायरीचा विरोध जवळपास पाऊण ओहम. पाऊण ओहम ऐकायला काहीच नाही. २३० व्होल्टच्या लाइनीत तेवढ्याने काही बिघडत नाही, पण दिव्यागणिक करंट घटत गेला तरी बारातले साडेतीन-चार गेले, तर उरतं काय? हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. बाबा बघायला आले होते. म्हणाले, "अरे, ही तर टोकाच्या वावरातली मोटर आहे."

मग ट्रान्सफॉर्मर टोकावरून हलवून लाइनीच्या मधोमध आणला आणि दोन्हीकडे तीन-तीन दिवे वाटले. एकही दिवा न बदलता सगळे सारखे लागले.

खरा त्रास मात्र पावसाळ्यात सुरू झाला. तिथले माळीकाका फोनवर सांगायचे, "पाणी आला की लाइट जाते भाऊ, उघाड पडली की आपोआप येते." आम्ही उघाड बघून जायचो आणि सगळं चालू दिसायचं. चार फेऱ्या फुकट गेल्यावर आम्ही भर पावसात गेलो. केबल मधोमध सोडवली आणि दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळं मेगर लावलं, म्हणजे केबलमधून वीज जमिनीत गळते का ते जास्त व्होल्टेज देऊन बघणारा मीटर. एक अर्धा चांगला होता, दुसऱ्याचा काटा शून्याला टेकला, म्हणजे गळती तिथेच. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग केले. तीन तोडीत आम्ही एका जॉइंटपाशी पोचलो. (मेगर लावायच्या आधी दिवे आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही सोडवायचे. ५०० व्होल्ट आत गेले तर एलईडीचा ड्रायव्हर (आतलं वीज पुरवणारं सर्किट) तिथेच मरतो.)

जॉइंट आम्हीच केलेला होता. पीळ देऊन वर काळी टेप. टेपच्या आत पाणी साठलेलं आणि तांबं हिरवं पडून चुरा झालेलं. त्यात आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या ओढाताणीत ताठ टाकलेली केबल जॉइंटपाशीच सुटते. दिवे वर राहतात, जॉइंट खाली हलतात. बाहेरच्या कॅटलॉगमधल्या सूचना आमच्या जमिनीला पुऱ्या पडत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर आम्ही टेप सोडली. आता प्रत्येक जॉइंटला जेल भरलेला कनेक्टर, केबलला तिथे एक वेटोळं सैल, चारी बाजूंनी रेती, आणि वर खुणेचा दगड. जॉइंट जितके कमी तितकं बरं, म्हणून जमेल तिथे ट्रान्सफॉर्मरपासून स्वतंत्र फाटे काढतो. केबल जास्त लागते, आमचं कोटेशन महाग दिसतं, आणि त्यापायी कामं हातची गेली आहेत. तरी त्यावर तडजोड करत नाही. घुशीही केबल कुरतडतात, म्हणून बांधाजवळ पाइपातूनच नेतो.

हॅलोजन जाऊन एलईडी आले तेव्हा वाटलं, करंट चौथाई झाला, आता डोकेदुखी संपली. पण दिवे लुकलुकू लागले. काही जागी इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर होते. त्यांना चालायला ठरावीक किमान लोड लागतो, आणि पाच-पाच वॅटचे दिवे तो भरत नव्हते. त्यांचं आउटपुट इतक्या वेगाच्या फ्रीक्वेन्सीचं असतं की साधा मीटर भलताच आकडा दाखवतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवून आम्ही एक चांगली लाइन उकरली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आता लांब लाइनीला लोखंडी गाभ्याचा, वेगळ्या वाइंडिंगचाच ट्रान्सफॉर्मर लावतो. तोही सावलीत, हवा लागेल असा. मे महिन्यात उन्हातल्या बंद पेटीत त्याचा थर्मल कटआउट (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) संध्याकाळी पडतो आणि रात्री गार झाल्यावर आपोआप लागतो. दोष शोधायला गेलेला माणूस वेडा होतो.

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात, याची मला खरी काळजी वाटते. ३०० व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर) ट्रान्सफॉर्मरमधून २५ अँपिअर निघतात. सैल जॉइंटवर एवढा करंट तापला आणि बाजूला सागाचा वाळका पाला असला, तर जंगलाच्या कडेला आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून बारा व्होल्टच्या प्रत्येक फाट्याला फ्यूज, आणि २३० च्या बाजूला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच. मालकांनी वाचवू म्हटलं तरी या दोन वस्तू आम्ही काढत नाही. दिवेही खाली तोंड केलेले, पिवळसर उजेडाचे आणि कमी लावायला सांगतो. रात्रीचं रान आपल्या आधीपासून तिथे आहे.

ताडोबाचं कोअर (आतलं) क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असतं, रिसॉर्ट रिकामे असतात. आमचा हंगाम तोच. जमीन ओली असतानाच लाइन तपासतो, कारण एप्रिलच्या कोरड्या मातीत मेगरला सगळं ठणठणीत दिसतं. दुकानात प्रत्येक बागेची एक वही आहे. त्यात जॉइंटचे नंबर, झाडापासूनची पावलं आणि दरवर्षीचं रीडिंग. पहिल्या रिसॉर्टच्या वहीत आता माळीकाकांचंही अक्षर आहे. मीटर धरायला भावाने शिकवलं त्यांना. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, "भाऊ, चौथ्या दिव्यावर अकरा आहे, पाचव्यावर सहा. मोहाजवळचा दगड उचलू का?"

भाऊ तासाभरात कनेक्टर घेऊन पोचला, तोवर त्यांनी खड्डा करून ठेवला होता.