३७६

काल रात्री साडेदहाला ओट्यावरच संकलित चाचणीचा गणिताचा गठ्ठा घेऊन बसले. म्हसरूळला आमची गल्ली तोवर निजलेली असते. इथून मी रोज गाडीवर दिंडोरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जाते. तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे, पोरं २१.

ज्यांची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत त्यांना हे बहुधा ठाऊक नसेल. केंद्र सरकारच्या ‘स्टार्स’ या शिक्षण प्रकल्पातून २०२३-२४ पासून राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर वर्षातून तीन चाचण्या होतात: पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन. विषय भाषा, गणित आणि इंग्रजी. विज्ञान नाही, त्यामुळे आमचे विज्ञानाचे सर या आठवड्यात उगाच खुशीत असतात. पेपर पुण्यात ठरतो, तपासायचा आम्ही आणि गुण विद्या समीक्षा केंद्राच्या (शाळांची माहिती गोळा करणारं सरकारी केंद्र) चॅटबॉटवर भरायचे. यंदा चार प्रश्नपत्रिका कमी निघाल्या, झेरॉक्स माझ्या पर्समधून. असो.

वजाबाकीचं एक उदाहरण होतं. पेपरातलं जसंच्या तसं सांगत नाही, आकडे बदलते. ४०२ वजा १७८. पहिल्या पेपरात उत्तर ३७६. दुसऱ्यातही ३७६. गठ्ठा संपला तेव्हा सहा जणांचं ३७६ निघालं. आधी वाटलं कॉपी. पण ही सहा जणं सहा कोपऱ्यांत बसली होती.

मग डोक्यात प्रकाश पडला. दोनातून आठ जात नाहीत ना, मग आठातून दोन घालवले, सहा. शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य, सात. चारातून एक, तीन. पोरांनी नियम अगदी इमानदारीत पाळलाय: मोठ्यातून लहान वजा करायचं. हा नियम त्यांना दिला कोणी? मीच. पोरं दुसरीत असताना, हातच्याची वजाबाकी यायच्या आधी. आणि हातचा शिकवला तेव्हा दशकाच्या घरात शून्य असलेलं उदाहरण मी फळ्यावर कितीदा घेतलं असेल? शेजारी शून्य असला की हातचा मागायला शतकाच्या घरापर्यंत जावं लागतं, आणि तिथंच पोरं अडतात.

चॅटबॉटला यातलं काही नको, त्याला फक्त आकडा हवा. ग्रुपवर ‘गुण भरले का’ हा निरोप दिवसातून तीनदा येतो, ‘पोरांनी काय लिहिलं’ हे अजून कोणी विचारलेलं नाही. आमच्या एक मॅडम म्हणतात, इतकं वाचत बसलीस तर दिवाळी उजाडेल. पण शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तर म्हणजे नुसता रंगवलेला गोल. इथं पोराच्या हातचा कागद माझ्याकडे राहतो. या चाचणीवर माझा राग बराच आहे, पण एवढ्यासाठी तिला माफ करते.

सगळ्यांचे गुण भरूनच झोपले.

आज सकाळी त्या सहांतल्या एकीला जवळ बोलावलं. घरी टोमॅटो आहे, पिंपळगावच्या बाजारात माल जातो. म्हटलं, “अगं, पप्पांनी ४०२ रिकामे कॅरेट आणले, १७८ भरले. रिकामे किती राहिले?”

बोटं सुद्धा मोजली नाहीत. “१७८ ला २२ टाकले की २००. मग २०२. मॅडम, २२४.”

“आता हेच फळ्यावर मांड.”

तिनं झोकात मांडणी केली, रेघ मारली आणि खाली लिहिलं ३७६.

मी काहीच बोलले नाही. ती फळ्याकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती. शेवटी मी विचारलं, “३७६ रिकामे राहिले तर भरले किती?”

ओठ हलले. ४०० पर्यंत २४, वर दोन. मग एकदम तोंड वेंगाडून म्हणाली, “हट्! पप्पांनी दिवसभरात २६च भरले?” आणि डस्टर हातात असताना बाहीनंच फळा पुसला.