तीन कॉन्फ्लिक्ट आणि एक ठिपका

‘आम्हाला संदेश पाठवू नका’ असे कळवलेल्या काही लोकांना संदेश जातच आहेत, अशी तक्रार आली, तेव्हा पहिला संशय साठवलेल्या माहितीवर गेला. पण माहिती बिनचूक होती. आमच्या प्रणालीत याद्या निवडण्यासाठी एक छोटी भाषा आहे. तिच्यात ‘अँड’ दोन याद्या एकत्र करतो, तर ‘एक्सेप्ट’ डावीकडच्या यादीतून उजवीकडची नावे वगळतो. तक्रारीशी संबंधित प्रत्येक फिल्टरमध्ये (या भाषेत लिहिलेल्या निवडीच्या वाक्यात) हे दोन्ही शब्द कंसांशिवाय शेजारी आलेले दिसले, म्हणून मी त्या भाषेच्या व्याकरणाची, म्हणजे वाक्यरचनेच्या नियमांची, फाइल उघडली.

आमचा पार्सर, म्हणजे अशी वाक्ये वाचून त्यांची रचना ओळखणारा प्रोग्राम, ग्नू बायसन हा दुसरा प्रोग्राम या व्याकरणावरून तयार करतो. फाइलच्या आरंभी ‘%एक्स्पेक्ट ३’ अशी जुनी ओळ होती. व्याकरणात तीन शिफ्ट/रिड्यूस कॉन्फ्लिक्ट आहेत हे मान्य आहे, तेव्हा इशारा देऊ नये, असा तिचा अर्थ. असा कॉन्फ्लिक्ट म्हणजे पुढचा शब्द आत घ्यावा (शिफ्ट) की आतापर्यंतचे शब्द एका नियमाखाली गुंडाळावेत (रिड्यूस), हे व्याकरणावरून ठरत नाही अशी जागा. ते तीन कोणते, हे मात्र कुठेही लिहिलेले नव्हते. अशा प्रसंगी बायसन शिफ्ट निवडतो आणि काम पुढे चालू राहते.

पूर्वी अशा वेळी पार्सरच्या अंतर्गत स्थितींच्या क्रमांकांनी भरलेला लांबलचक अहवाल वाचत बसावे लागे. २०२० मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून बायसनला काउंटरएक्झाम्पल्सचा, म्हणजे कॉन्फ्लिक्ट दाखवणाऱ्या नमुना वाक्यांचा, इशारा मागता येतो. कॉर्नेल विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर तो आधारलेला आहे. मी ‘%एक्स्पेक्ट’ची ओळ काढली, हा पर्याय लावला आणि पडद्यावर आले:

यादी अँड यादी • एक्सेप्ट यादी

ठिपका म्हणजे पार्सर जिथे अडतो ती जागा. त्याखाली याच वाक्याच्या दोन व्युत्पत्ती, म्हणजे नियमांनुसार ते वाक्य बनण्याच्या दोन रीती, होत्या: एकीत ‘एक्सेप्ट’ फक्त दुसऱ्या यादीला लागत होता, दुसरीत एकत्र झालेल्या संपूर्ण यादीला. शिफ्टमुळे आजवर पहिलीच निवडली जात होती. त्यामुळे वगळायचे नाव पहिल्या यादीतही असेल, तर ते तसेच राहत होते. तक्रारीचे कारण समोर होते.

पार्सर ज्या तक्त्यांवरून पुढचे पाऊल ठरवतो, ते नेहमीच्या एलएएलआर पद्धतीऐवजी आयईएलआर पद्धतीने बनवून पाहण्याचे एका सहकाऱ्याने सुचवले. सूचना विचारपूर्वक केलेली होती, परंतु एलएएलआरमध्ये स्थिती एकत्र केल्यामुळे उद्भवणारे कॉन्फ्लिक्टच आयईएलआर तक्त्यांनी जातात. तशा ठिकाणी बायसन ठिपक्यापर्यंत सारखी असलेली दोन वेगळी उदाहरणे देतो (ठरलेल्या वेळेत शोध पुरा झाला नाही, तरीही तसेच करतो). आमच्या तिन्ही कॉन्फ्लिक्टना एकेकच वाक्य मिळाले होते, म्हणजे व्याकरण खरोखरच संदिग्ध होते. कोणता अर्थ खरा, हे कोणताही तक्ता ठरवू शकत नव्हता.

म्हणून ती तीन वाक्ये मी याद्या तयार करणाऱ्या विभागातील आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंना दाखवली. त्यांनी व्याकरणाची फाइल कधी पाहिलेली नव्हती, पण वाक्ये वाचताच म्हणाल्या, “आधी सगळं गोळा करायचं आणि मग वगळायचं, आम्ही असंच धरून चालतो.” ‘एक्सेप्ट’नंतर ‘अँड’ आल्यास नंतरच्या दोन्ही याद्या वगळायच्या, हेही त्यांनी सांगितले; तिथे शिफ्टने योगायोगाने बरोबर अर्थ दिला होता. लागोपाठ दोन ‘एक्सेप्ट’ आले की मात्र तोच नियम चुकत होता, कारण डावीकडून वगळत जाण्याऐवजी तो उजवीकडची जोडी आधी बांधत होता. त्या व्याकरणाविषयी इतका नेमका निर्णय मला दुसऱ्या कोणाकडूनही मिळाला नसता, आणि तो मिळाला तो केवळ साधनाने स्थितीच्या क्रमांकाऐवजी वाक्य पुढे केले म्हणून.

दुरुस्ती एका ओळीची होती. ‘अँड’साठी ‘%लेफ्ट’ (डावीकडून जोडत जा, असे सांगणारी सूचना) आधीपासून होते. त्याच्या वरच्या ओळीत ‘एक्सेप्ट’साठीही ‘%लेफ्ट’ लिहिले, कारण बायसनमध्ये खालच्या ओळीला अधिक प्राधान्य असते. तिन्ही इशारे गेले आणि ‘%एक्स्पेक्ट’ची ओळ मी परत घातली नाही.

उरलेला दिवस साठवलेल्या फिल्टरांमध्ये गेला. प्रत्येक फिल्टर जुन्या आणि नव्या पार्सरमधून काढून दोन्ही वृक्ष (पार्सरने ओळखलेल्या वाक्यरचना) ताडून पाहिले आणि ज्यांचा अर्थ बदलत होता, ते फिल्टर त्यांच्या मालकांकडे पाठवले. त्यांची संमती येईपर्यंत नवा पार्सर आम्ही चालू केला नाही.