एलपीची टकटक काढताना काढलेला आवाजही ऐका

एलपी संगणकावर उतरवून झाली की हात शिवशिवतात ते टकटक आपोआप काढणाऱ्या बटणासाठी. मी त्याला शेवटी हात लावतो. सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते.

निम्मी टकटक धुलाईतच जाते. धूळ आणि बोटांचा तेलकटपणा काढून रेकॉर्ड पूर्ण वाळू द्यायची. (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.) मग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्डिंग, संगीताची कमाल पातळी उणे ६ डेसिबलच्या आत. ९६ किलोहर्ट्झ एवढ्यासाठी की एका मिलिसेकंदात सीडीच्या ४४ ऐवजी ९६ नमुने (आवाजाची एकेक नोंद) मिळतात आणि टकेची धार नीट दिसते. मूळ फाइल तशीच ठेवून काम नकलेवर.

क्रम चुकला की पुढचं सगळं बिघडतं. घरघर कापणारा फिल्टर आधी लावला तर टकेला शेपूट फुटते, ती पसरते आणि मग पकडता येत नाही. खरखर कमी करताना प्रोग्रॅमला ओळख म्हणून नुसत्या खरखरीचा एक तुकडा द्यावा लागतो; त्यात टक शिरली, तर ती ओळखच खोटी. म्हणून आधी टकटक, मग फिल्टर आणि खरखर, मग पातळी वाढवणं, आणि सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झवर आणणं अगदी शेवटी.

मोठ्या टका मी हाताने काढतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम (खाली खर्ज, वर तार स्वर दाखवणारं आवाजाचं चित्र) उघडला की टक खालपासून वरपर्यंत उभी रेघ म्हणून दिसते. ड्रमचा ठोकाही तसाच दिसतो, पण त्याच्यामागे आवाज विरत गेल्याचे आडवे पट्टे उरतात. टकेमागे काही नसतं. मग लहरीचं चित्र पूर्ण मोठं करून फक्त टकेचा टोकदार काटा आणि दोन्ही बाजूंचे चार-पाच नमुने निवडायचे, आणि ‘रिपेअर’. हे साधन १२८ नमुन्यांपर्यंतच चालतं, म्हणजे ९६ किलोहर्ट्झवर जेमतेम १.३ मिलिसेकंद. टक बऱ्याचदा डाव्या किंवा उजव्या अशा एकाच वाहिनीत असते. अशा वेळी ट्रॅक विभागून तेवढीच वाहिनी दुरुस्त करावी, चांगल्या वाहिनीला उगाच ठिगळ नको.

आडवा ओरखडा असेल तर काम सोपं. ३३⅓ च्या रेकॉर्डवर एक फेरा १.८ सेकंदांचा, ४५ वर १.३३ चा. एक टक सापडली की तेवढंच पुढे जायचं, दुसरी तिथेच वाट बघत असते.

उरलेल्या बारीक टकटकीसाठी ‘क्लिक रिमूव्हल’, म्हणजे सुरुवातीला म्हटलेलं आपोआप काढणारं बटण. त्यातला थ्रेशोल्ड (कशाला टक समजायचं ते ठरवणारा आकडा) मुळात २०० वर असतो. आकडा जितका कमी, तितकी कापाकापी जास्त. मी वरच्या आकड्यापासून सुरुवात करून खाली येतो आणि दरवेळी फरक ऐकतो: मूळ ट्रॅकची प्रत काढायची, ती उलटी करायची (‘इन्व्हर्ट’) आणि दुरुस्त ट्रॅकसोबत वाजवायची. दोन्हींची पातळी तीच हवी. आता कानावर येतं ते फक्त काढून टाकलेलं. नुसती टकटक ऐकू आली तर ठीक. त्यात ट्रम्पेटची किनार किंवा झांजेची चमक आली, की थ्रेशोल्ड वर न्यायचा. ट्रम्पेटची लहर स्वतःच टोकदार असते, त्यामुळे प्रोग्रॅम तिलाच टक समजतो. संपूर्ण बाजूवर एकच आकडाही लावू नये. शांत सुरुवातीला कडक चालतं. भरगच्च वाद्यवृंदात बारीक टक ऐकूच येत नाही, तिथे मी ती तशीच सोडतो.

मोनो रेकॉर्डही स्टीरिओत उतरवून आधी टकटक काढावी आणि मगच दोन्ही वाहिन्या एकत्र कराव्यात. आधी एकत्र केल्या तर एका बाजूची टक दोन्हीकडे मिसळते.

खोल खळग्याची टक मात्र काटा काढूनही ‘धप’ असा आवाज मागे ठेवते, कारण सुईला बसलेला हिसका काही मिलिसेकंद टिकतो. तिथे ‘रिपेअर’ पुरत नाही. दुसरी वाहिनी स्वच्छ असेल तर तेवढाच तुकडा तिच्यातून घेऊन, दोन्ही टोकं लहर शून्यावरून जाते तिथे जुळवून चिकटवतो. पाच-दहा मिलिसेकंदांचा मोनो कानाला कळत नाही.