लाडक्या बहिणीमुळेच तिजोरी रिकामी झाली ना?

कोषागारातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, हयातीचा दाखला कधी द्यायचा? दुसरी, ‘लाडक्या बहिणीमुळेच तिजोरी रिकामी झाली ना हो?’ पहिल्याचं उत्तर एका शब्दात संपतं: नोव्हेंबरात. दुसऱ्याचं देईपर्यंत विचारणारा उठून गेलेला असतो. तुम्ही परवा पुन्हा विचारलंत, म्हणून या वेळी लिहूनच देतो.

१० मार्च २०२५ ला अजित पवारांनी २०२५-२६चा अर्थसंकल्प मांडला. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, तूट ४५,८९१ कोटी. त्यात लाडक्या बहिणींसाठी ३६,००० कोटी. ही रक्कम पूर्ण वजा करून बघा. तरी ९,८९१ कोटींची तूट उरतेच. फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात, म्हणजे या योजनेचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, महसुली तूट ९,७३४ कोटी दाखवलेली होती. बहिणी आल्या आणि तूट कित्येक पटींनी वाढली हे खरं. त्या येईपर्यंत सगळं आलबेल होतं हे खोटं.

बाकीचा पैसा कुठे जातो, हे मात्र कुणी विचारत नाही. पगार, पेन्शन, व्याज. पेन्शनमध्ये मी स्वतः बसलोय, तेव्हा तिथे माझा आवाज जरा खालीच असतो. व्याजाला आम्ही त्याच्या लेखाशीर्षावरून, म्हणजे हिशेबातल्या खात्याच्या क्रमांकावरून, नुसतं ‘२०४९’ म्हणायचो, आणि त्या शीर्षाखालचं बिल कधी अडवलं जात नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज तर जून २०२४च्या त्याच अर्थसंकल्पात आली, ज्यात बहिणी आल्या. तिच्याबद्दल मला आजवर एकानेही छेडलेलं नाही. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या विहिरीवर मोटर आहे, हे एक कारण असावं.

‘घरात असं उधारीवर चालेल का?’ हा तुमचा दुसरा मुद्दा. घराची आणि राज्याची तुलना मी करत नाही. राज्य सेवानिवृत्त होत नाही, आणि त्याचे रोखे रिझर्व्ह बँक लिलावात विकून देते. राज्यावरचं कर्ज २०२५-२६ अखेर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. आकडा ऐकून छाती दडपते, पण राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तुलनेत तो १९ टक्क्यांच्या आत होता. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षाचा सगळा खर्च भागवायला कर्जाने उभी करायची रक्कम, १,३६,२३५ कोटी, तीही ३ टक्क्यांच्या मर्यादेत. महाराष्ट्र बुडालेला नाही. विरोधक दर मार्चमध्ये ‘राज्य दिवाळखोरीत’ म्हणतात, ते मी कानाआड करतो; कारण २०२० ते २०२२ मध्ये हेच अजित पवार महाविकास आघाडीचे अर्थमंत्री होते, तेव्हा विरोधी बाकांवरून देवेंद्र फडणवीस टीका करत होते. बाकं बदलतात, भाषण तेच राहतं.

मग मी चिडतो कशावर? अंदाजावर. अर्थसंकल्प म्हणजे वर्षभरात काय येईल आणि काय जाईल याचा सभागृहाला दिलेला शब्द. २८ जून २०२४ ला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. त्यातच लाडकी बहीण जाहीर झाली, वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असंही सांगितलं गेलं. आणि ९ जुलैला, पंधरवडाही उलटला नसताना, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यातले २५ हजार कोटींहून अधिक महिला व बालविकास खात्याचे. पुरवणी मागणी असते अचानक उद्भवलेल्या खर्चासाठी. अकरा दिवसांपूर्वी आपणच जाहीर केलेली योजना अचानक कशी उद्भवते? मग जूनमध्ये दाखवलेल्या २०,०५१ कोटींच्या महसुली तुटीला काय किंमत राहिली?

२०२५-२६ मध्येही तेच. अर्थसंकल्पीय भाषणातच सांगितलं की सुमारे २ कोटी ५३ लाख महिलांना लाभ दिला. महिन्याला दीड हजार, गुणिले बारा, म्हणजे बाईमागे वर्षाला १८ हजार. २ कोटी ५३ लाखांना लागतात ४५ हजार कोटींच्या वर. तरतूद ३६ हजार. भागाकार केला की बरोबर २ कोटी बायका निघतात. काहींना ‘नमो शेतकरी’मुळे पाचशेच मिळतात, ते धरूनही हिशेब बसत नाही. निवडणुकीत कबूल केलेले २,१०० तर दूरच. म्हणजे मांडला त्या दिवशीच या आकड्याचे अर्थ दोनच होते: एक तर यादी कापणार, नाही तर पुन्हा पुरवणी आणणार. जूनअखेर ५७,५०९ कोटींच्या मागण्या आल्या, डिसेंबरात नागपूरला ७५,२८६ कोटींच्या. त्यात अतिवृष्टीची मदत होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पाऊस विचारून येत नाही. मागणीची सगळी रक्कम नवा खर्च नसते, हेही मला ठाऊक आहे. पण ७ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात नऊ महिन्यांच्या आत १ लाख ३२ हजार कोटींची भर पडत असेल, तर मार्चमध्ये आमदारांनी हात वर केले ते नेमके कशाला?

खोट्या अंदाजाची किंमत बहिणी देत नाहीत, निदान लगेच तरी नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. मंत्र्याला निदान माइक मिळतो. वसतिगृहातल्या पोराला फक्त ‘निधी आला नाही’ एवढंच कळतं. ठेकेदारांचंही तसंच: काम झालेलं, मोजमाप पुस्तिका भरलेली, बिल तयार, आणि बीम्सवर, म्हणजे निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, तरतूद शून्य. ३१ मार्चच्या रात्री कोषागारात बसलेल्या कुणालाही विचारा. दिवसभर एक पैसा नसतो, संध्याकाळी सात वाजता वीस टक्के येतात, आणि व्हरांड्यात पळापळ सुरू होते.

उत्पन्न वाढवायची हिंमतही तितकीच. तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींवर ६ टक्के कर २०२५-२६च्याच अर्थसंकल्पात सुचवला होता. महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. जूनमध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवून १४ हजार कोटी मिळतील असं सांगितलं. तीस लाखांची गाडी वाचली, बाटली सापडली. आणि एवढी मोठी करवाढ अर्थसंकल्पात नाही, तीन महिन्यांनी मंत्रिमंडळात!

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी मार्च २०२५ मध्ये विचारलं होतं, ‘साहेब, पैसे बंद होणार का?’ तिजोरीची चर्चा त्यांनी केली नाही. मी त्यांना म्हटलं, बंद नाही होणार, पण गेल्या वर्षी ४६ हजार कोटी सांगितले होते, यंदा ३६ आहेत. नावं गळतील, कागद जपून ठेवा. सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. त्यांचं आधार जुन्या मोबाइल नंबरला जोडलेलं होतं, ओटीपी येईना. आधी तो नंबर बदलून घेतला.