न प्यायलेली कॉफी

डेली प्लाझा हा शिकागोतला कोर्टकचेरीचा चौक. मधोमध पिकासोचं अवाढव्य पोलादी शिल्प आणि आजूबाजूला सतत घाईत असलेली माणसं. ११ जुलै २०१७ ला या चौकाच्या फरशीवर हजारो छोटे पेले मांडले होते. येणारे-जाणारे त्यांत कॉफी ओतत होते, पण पीत कोणीच नव्हतं.

ही कॉफी होती बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात मारल्या गेलेल्यांसाठी. युद्धाच्या काळात हे ठिकाण संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं होतं, डच शांतिसैनिकही तिथे तैनात होते. तरीही जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब फौजांनी ते घेतलं आणि काही दिवसांत आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुषांना, मुलग्यांना ठार केलं. तिथल्या स्मारकाच्या दगडावर ८३७२ असा आकडा कोरलाय आणि पुढे तीन टिंबं आहेत, कारण मोजदाद अजून संपलेली नाही.

‘श्टो ते नेमा’, म्हणजे ‘तू का नाहीस?’, ही कलाकृती आयदा शेहोविचची. १९९२ मध्ये युद्धामुळे तिला बोस्निया सोडावा लागला. आता नवऱ्यासोबत कॉफी पिता येत नाही, हीच खंत स्रेब्रेनित्सातली एक विधवा बोलून दाखवत होती. त्यातून २००६ साली सारायेवोत पहिल्यांदा पेले मांडले गेले. पुढे दरवर्षी नवं शहर. पेले जगभर पांगलेल्या बोस्नियन कुटुंबांनी दिलेले, त्यामुळे एकासारखा दुसरा नाही.

मलाही एका स्वयंसेवक बाईंनी जेझ्वा दिली. लांब दांड्याचं हे छोटं भांडं भरलं की चांगलंच जड लागतं. पेल्याला कान नसतो. जमिनीवर ठेवलेल्या पेल्यात ओतायचं तर गुडघे टेकावेच लागतात, आणि हात जरा हलला की कॉफी फरशीवर. माझ्या शेजारी सुटाबुटातला एक माणूस तसाच गुडघ्यांवर बसून एकामागून एक पेले भरत होता.

परफॉर्मन्स कलाकार मरीना अब्रामोविचने १९९७ मध्ये व्हेनिसला गाईची रक्ताळलेली हाडं दिवसेंदिवस घासून धुतली होती. तीही बाल्कन युद्धाबद्दलचीच कृती, आणि फार ताकदीची. पण तिथे कलाकार सोसते आणि आपण बघतो. इथे अनोळखी माणसं वाकली नाहीत तर पेले रिकामेच राहणार. मला हे जास्त मोलाचं वाटतं. शोक फक्त बायकांच्या वाट्याला सोडून द्यायचा नसतो, हे आयदाने भर चौकात करायला लावलं.

२०२० मध्ये, हत्याकांडाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, हे पेले स्रेब्रेनित्सालाच मांडले गेले. त्यानंतर ही फिरती मांडणी थांबली.