लेव्हल ओके

२०२३ च्या मे महिन्यात कराडच्या माझ्या गॅरेजमध्ये टोइंगवरून आलेली एक डिझेल गाडी अजून डोक्यातून जात नाही. मालक निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाटात आधी एसीची हवा गरम झाली आणि दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफ निघाली. "सुई शेवटपर्यंत मध्यावरच होती हो, नाहीतर मी आधीच थांबलो असतो," असे ते पुन्हापुन्हा सांगत होते, आणि ते खरे होते. इंजिन मर्यादेबाहेर तापले की अनेक गाड्यांचा कंप्युटर पहिल्यांदा एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. ती पहिली सूचना असते आणि ती कोणालाच कळत नाही. सुई तर बऱ्याच मोठ्या तापमानपट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेली असते. शिवाय कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, खाली गेले की सेन्सर द्रवाऐवजी वाफेत लोंबकळतो आणि त्याला खरी उष्णता कळत नाही.

सरांनी फाइल सोबत आणली होती. गाडी २०१४ ची, ९६,००० किलोमीटर चाललेली. कंपनीच्या पुस्तकात लाँग लाइफ कूलंट पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटरला आणि त्यानंतर दर ८०,००० ला बदलावे असे लिहिले होते. पूर्वी दोनदा त्यांनी मला विचारले होते की कूलंट बदलायचे का, आणि दोन्ही वेळा मी पुस्तक दाखवून नको म्हटले होते. दर दोन वर्षांनी गरज नसताना कूलंट बदलून बिल फुगवणाऱ्या गॅरेजवाल्यांचा मला राग आहे, त्यामुळे ते उत्तर मी काहीशा अभिमानाने दिले होते.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले आणि सकाळी झाकण उघडले. गुलाबी कूलंटच्या जागी चहासारखे तपकिरी पाणी होते. मिश्रणाचे प्रमाण मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकला, तर गोठणबिंदू उणे १२ दिसला. निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) आणि निम्मे पाणी असेल तर तो उणे ३७ च्या आसपास येतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून या आकड्याकडे सगळे दुर्लक्ष करतात, पण त्याचा गोठण्याशी संबंध नसला तरी मिश्रणाशी आहे: उणे १२ म्हणजे ग्लायकॉल पंचवीस टक्क्यांवर आले आणि त्याच्यासोबत गंज रोखणारी रसायनेही निम्मी झाली. चाचणीपट्टीने पीएच सातच्या खाली दाखवला, म्हणजे उरलेले मिश्रण आम्ल झाले होते. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवले तेव्हा पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडलेल्या होत्या, वॉटर बॉडीच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, पात्यांवर खड्डे पडले होते आणि रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसला होता. पट्टी आणि फीलर गेजने हेड तपासले, ०.०५ मिलिमीटरची मर्यादा असताना ०.१५ चा बाक निघाला.

पुस्तकातला आकडा खोटा नव्हता. जुन्या हिरव्या कूलंटमधली सिलिकेटे आतल्या सगळ्या पृष्ठभागावर थर धरत आणि दोनेक वर्षांत संपत. लाँग लाइफमधली सेंद्रिय आम्ले जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतात, म्हणून ती हळू खर्च होतात. रंगावरून मात्र काहीच ठरत नाही. ग्राहक "हिरव्यात हिरवे घाला" म्हणतात, पण रंग हा केवळ कंपनीने घातलेला असतो, त्याला कोणतेही मानक नाही.

मग या गाडीत पाणी आले कुठून? रेडिएटरचे झाकण टेस्टरवर लावले. १.१ बार दाबाला सुटायचे ते ०.६ लाच सुटत होते. घाट चढताना कूलंट लवकर बाटलीत ढकलले जाई आणि बाटली भरली की बाहेर सांडे. नुसते पाणी वाफ होऊन उडाले असते तर पाणी घालणे योग्यच ठरले असते, कारण ग्लायकॉल मागे राहते. इथे मात्र दोन्ही एकत्र सांडत होते आणि परत जात होते फक्त पाणी. यंत्रणा सात लिटरची आहे. दर खेपेला अर्धा लिटर पाणी घातले तर दहा खेपांत पन्नास टक्क्यांचे पंचवीसच्या आत येते. सरांची फाइल मी पुन्हा उघडली. २०१८ पासून गाडी दर सहा महिन्यांनी माझ्याकडेच येत होती, आणि दहाही जॉबकार्डांवर एकच नोंद होती: कूलंट लेव्हल ओके.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाला विचारले. तो निरागसपणे म्हणाला, "दादा, मी नेहमी लेव्हल करूनच देतो." पाणी कुठले? वॉशिंग रॅम्पवरच्या कॅनमधले, म्हणजे आमच्या बोअरचे. मीटर लावला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ८४० निघाला. पिण्याच्या पाण्यासाठीही भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५०० आहे. जपानी पद्धतीच्या कूलंटमध्ये फॉस्फेट असते आणि जड पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचाच साका बसतो. रेडिएटरमधला पांढरा थर त्यातूनच आला होता. मुलाला मी दोष देत नाही. लेव्हल म्हणजे रेघ, एवढेच मी त्याला शिकवले होते. लवकर सुटणारे झाकण शोधायचे काम माझे होते, आणि दर खेपेला लेव्हल का उतरते हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही.

भरण्याचे काम मी स्वतः केले, कारण तिथे बहुतेक ठिकाणी चूक होते. ड्रेन प्लग उघडला तरी सातातले चारेक लिटरच बाहेर येते, बाकीचे ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अडकून राहते. दुसऱ्या बदलाची मुदत पहिलीच्या निम्मी का असते, याचे एक कारण हेही आहे. डिस्टिल्ड वॉटरने चार वेळा धुतल्यावर स्वच्छ पाणी आले. पण आतमध्ये तीन लिटर पाणी उरलेले असताना त्यावर तयार मिश्रण ओतले तर ते पुन्हा पातळ होते. म्हणून आधी साडेतीन लिटर कॉन्सन्ट्रेट घातले आणि मग डिस्टिल्ड वॉटरने भरती केली. गाडीचे तोंड उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून एअर काढली. गाडी चालवून आणल्यावर थेंब पाहिला, उणे ३६.

सरांना सगळे सांगितले, कॅनसकट. सुट्या भागांचे आणि हेड फेसिंगचे, म्हणजे हेड घासून सपाट करण्याचे, पैसे मी घेतले, मजुरी घेतली नाही. त्यांनी दहा जॉबकार्डे एकेक करून पाहिली, फाइलमध्ये परत लावली आणि विचारले, "मग बदलायचे कधी, ते आता कोणावर विश्वास ठेवून ठरवू?" पाणी न घातलेल्या गाडीसाठी पुस्तकावर विश्वास ठेवा, आणि पाणी एकदा जरी घातले असेल तर किलोमीटर न मोजता दर वर्षी थेंब आणि पट्टी तपासून घ्या, असे मी म्हटले. ते मान हलवून गेले. गाडी त्यानंतर माझ्याकडे आलेली नाही.

आता जॉबकार्डावर "ओके" छापलेले नाही. काय घातले आणि किती मिलिलिटर, एवढे दोन रकाने आहेत. रजिस्टर चाळून एकाहून जास्त वेळा टॉप-अप झालेल्या गाड्या मी शोधल्या, त्या एकेचाळीस निघाल्या. मालकांना फोन करतो आहे, तपासणी फुकट करून देतो म्हणून. निम्म्याहून अधिक जण येत नाहीत. गाडी उत्तम चालते आहे, आणि कार्डावर लेव्हल ओके तुम्हीच लिहिले आहे, असे ते म्हणतात.