शेवटची गाडी साडेपाचची

डोंगरावर निघताना माझ्या सॅकमध्ये सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू म्हणजे चार घड्या घातलेला एक कागद. त्यावर गाडीच्या वेळा असतात. नकाशा मोबाइलमध्ये असतो, आणि मोबाइल मेला तरी वाट दाखवायला कुणी ना कुणी भेटतं. गाडीच्या वेळा मात्र मी हाताने लिहून घेते. जातानाच्या बारीक अक्षरात, परतीच्या ठळक. शेवटच्या गाडीभोवती चौकट.

ही चौकट ठेच लागल्यावर आलेली आहे. त्या दिवशी वेळापत्रकात साडेपाचच्या डोक्यावर एक एवढीशी फुली होती. मला वाटलं, छपाईचा डाग. मी आणि मैत्रीण धापा टाकत पाच वाजता थांब्यावर उतरलो, घोट्यापर्यंत चिखल, आणि जिंकल्यासारखं कठड्यावर बसलो. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. सहाला मैत्रीण उठली आणि फलकाच्या अगदी तळाशी वाकून वाचायला लागली. तिथे गुडघ्याच्या उंचीवर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत फुलीचा अर्थ दिलेला होता : फक्त शाळेच्या दिवशी. तो रविवार होता. पुढचे अकरा किलोमीटर आम्ही डांबरी रस्त्याने अंधारात तुडवले. दिवसभर डोंगराने जे केलं नव्हतं ते त्या डांबराने तळपायांचं केलं. दोघींपैकी कुणी फारसं बोललं नाही. फुली मीच पाहिली होती ना!

पण त्या रात्री चालता चालता एक गोष्ट डोक्यात शिरली. ही गाडी माझ्यासाठी नव्हतीच. पायथ्याच्या शेवटच्या गावात जाणारी गाडी डोंगर चढणाऱ्यांसाठी सुरू झालेली नसते. ती शाळेतल्या पोरांसाठी असते, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्यांसाठी असते, कामावर जाणाऱ्यांसाठी असते. त्यांना सकाळी खाली शहराकडे जायचं असतं आणि संध्याकाळी वर घरी यायचं असतं. मला नेमकं उलटं हवं असतं. सकाळी लवकर वर, संध्याकाळी उशिरा खाली. म्हणून गाडी रात्री त्या गावात मुक्कामाला जाते आणि भल्या पहाटे खाली यायला निघते, तेव्हा मी अजून खालच्या स्टँडवर जांभया देत उभी असते. शिवाय सुट्टीच्या दिवशी, म्हणजे मी मोकळी असते त्याच दिवशी, गाव घरात बसतं आणि फेऱ्या घटतात. यात कुणाची चूक नाही. मी त्या वेळापत्रकात उलट्या दिशेने घुसलेली पाहुणी आहे, आणि पाहुण्याने घरच्यांच्या वेळा पाळाव्यात.

काही ठिकाणी मात्र पाहुण्यांचीच सोय आधी पाहिलेली असते. न्यूयॉर्कहून उत्तरेला जाणाऱ्या हार्लेम मार्गावर ॲपलॅशियन ट्रेल नावाचं एक चिमुकलं स्टेशन आहे. त्याच नावाची साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट जिथे रूळ ओलांडते तिथेच एक छोटासा फलाट. गाड्या थांबतात त्या शनिवार-रविवारी आणि सुट्टीला. म्हणजे माझ्या फुलीच्या बरोबर उलटी फुली! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला त्या स्टेशनाविषयी उगाच माया वाटली. स्कॉटलंडमधलं कोरूर तर त्याहून वरचढ. चारशे मीटरवर, माळरानाच्या मधोमध, आणि तिथवर सार्वजनिक रस्ताच नाही. मोटारवाल्यांना जिथे पोचता येत नाही तिथे तिकीट काढून पोचता येतं, या कल्पनेने मला जो आनंद होतो तो फारसा सात्त्विक नाही, हे कबूल.

एकदा शेवटची गाडी ठरली की दिवसाचा हिशेब मागून पुढे करावा लागतो. आपण सहसा 'किती वाजता निघायचं' इथून सुरुवात करतो. इथे 'किती वाजता खाली असायचं' इथून करायची. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा आडाखा दिला, तो अजून चालतो : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. बारा किलोमीटरची वाट आणि नऊशे मीटर चढ असेल तर जवळजवळ चार तास. त्यात बसणं नाही, बुटाची नाडी नाही, फोटो नाहीत, वाट चुकणं नाही. मी त्या चाराचे सरळ सहा करते. नेस्मिथ माझ्यासोबत कधी चालला नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर तर वाटांची अंतरं किलोमीटरमध्ये देतच नाहीत, तास आणि मिनिटंच देतात. गाडी धरणाऱ्याला याहून उपयोगी पाटी कोणती? डोंगरात 'सात किलोमीटर' या शब्दांना काही अर्थ नसतो. 'अडीच तास' म्हटलं की माणूस घड्याळ बघतो आणि उठतो.

आणि कधी कधी माथ्याच्या अर्ध्या तास अलीकडून परत फिरतो. हे मी तीनदा केलंय. वरचा शेवटचा कातळ समोर दिसत असतो, ऊन असतं, पायांत दमही असतो, आणि कागदावरची चौकट म्हणते, वळ. स्वतःची मोटार खाली उभी असती तर मी नक्की पुढे गेले असते आणि काळोखात उतरले असते. त्यातल्या एका दिवशी परतताना पंधरा मिनिटांत धुकं खाली आलं. उरलेल्या दोन दिवशी काहीही झालं नाही, नुसती चुटपुट लागली, ती अजून आहे.

पण मोटारवाल्यांचा मला हेवा वाटत नाही याचं खरं कारण वेगळं आहे. मोटार खुंट्यासारखी असते. कितीही लांब गेलं तरी दावं तिथेच ओढून आणतं. बसने गेलेला माणूस एका खोऱ्यातून चढतो, खिंडीत पोचतो, आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरतो. खिंडीत उभं राहून आलेल्या वाटेकडे पाठ फिरवायची आणि अनोळखी बाजूला पाय टाकायचा, त्या एका पावलासाठी मी पहाटे चारचा गजर सहन करते. हाँगकाँगमधली १९७९ साली खुली झालेली मॅक्लिहोज ट्रेल शंभर किलोमीटरची आहे, पण तिचे दहा टप्पे पाडलेत आणि बऱ्याच टप्प्यांच्या टोकाला बस मिळते. आज एक तुकडा, महिन्याने दुसरा. वाटेवर दर पाचशे मीटरला अंकांचे खांब रोवलेत, म्हणजे मागच्या वेळी कुठे सोडली होती तेही लक्षात राहतं.

आणि गाडीच बंद पडली तर? इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउटच्या पठारावर जमीनमालकांची बंदी मोडून शेकडो लोक चढले, त्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. ते निघाले ते हेफिल्ड गावातून. तिथे तेव्हा रेल्वे होती. १९७० साली ती बंद झाली. आता रुळांच्या जागी पायवाट आहे. चालणाऱ्यांना आणणारी गाडी गेली आणि तिच्याच अंगावरून लोक चालायला लागले. याचं सुख मानायचं की दुःख, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात उतरताना सोंडेवरच थबकले. खाली दरीत रस्त्याची वळणं दिसत होती, आणि त्यावरून एक पिवळा ठिपका हळूहळू वर सरकत होता. गाडी. अजून शेवटच्या गावात जायची होती, वळायची होती, मग माझ्या थांब्यावर. मी वळणं मोजली. नऊ. तिची नऊ वळणं आणि माझा चाळीस मिनिटांचा उतार. सॅकचे पट्टे आवळले. कागद खिशात होता, काढला नाही. ठिपका तिसऱ्या वळणाआड गेला तेव्हा मी पळायला लागले होते.